जिप्सम बोर्डाचे सांधे घरी भरायचेत? बादली घ्या, पण पावडरही घ्या

तयार जॉइंट कंपाउंडची, म्हणजे बोर्डांमधले सांधे भरायच्या कालवलेल्या मालाची, बादली चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिच्याबद्दल बरीच कुरकुर करणार आहे आणि ती वाचून कुणी पुट्टीकडे वळायला नको.

मिरजेत माझी डेंटल लॅब आहे. दाताच्या डॉक्टरांकडून जबड्याची मापं येतात, त्यात प्लास्टर नाहीतर स्टोन (जिप्समचाच जास्त कडक प्रकार) ओतायचा, मॉडेल काढायचं, त्यावर कवळी किंवा कॅप करायची. जिप्सम कालवण्यात हयात गेली म्हणा ना. घर सांगलीत, विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर. मुलगी बारावीला गेली आणि तिला दार लावून बसायला खोली हवी झाली, म्हणून लांबड्या हॉलमध्ये जिप्सम बोर्डाची पार्टिशन टाकायचं ठरलं. विटेच्या भिंतीचं ओझं स्लॅबवर नको होतं. फॉल्स सीलिंग करणाऱ्या एका पार्टीनं जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची, चौकट उभी केली, दोन्ही अंगांनी बोर्ड मारले, आणि तेवढ्यात त्यांना कुठल्याशा मंगल कार्यालयाचं मोठं काम लागलं. "सांध्यांचं काय साहेब, अर्ध्या दिवसाचं काम. उद्या येतो." तो उद्या अजून उगवायचाय. बाकीच्यांना फोन केले, तर एवढ्याशा कामाला कुणी हात लावेना. मग म्हटलं, दिवसभर दुसऱ्यांच्या दातांच्या फटी भरतो, स्वतःच्या घरच्या भरायला काय हरकत आहे!

आता माल. शंभर फुटी रोडवर एका दुकानात जॉइंट कंपाउंड मागितलं, तर पोरानं व्हाइट सिमेंटच्या पुट्टीची, म्हणजे लांबीची, पिशवी काउंटरवर ठेवली. मी म्हटलं, हे नव्हे. मालक आतून म्हणाले, "एकच आहे ओ ते. लांबी लावा की बिनधास्त, सगळे तीच लावतात." सगळे लावतात हे खरंच. म्हणून तर गावातल्या निम्म्या शोरूमच्या पार्टिशनवर वर्षभरात सरळ उभी रेघ उमटलेली दिसते. पुट्टी ही सिमेंटच्या गिलाव्यावर पातळ हात मारून पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी असते. दोन बोर्डांमधली फट ही वेगळी गोष्ट आहे. दार आपटलं की चौकट हलते, उन्हापावसात बोर्ड किंचित सरकतो, आणि सिमेंटचा कडक थर त्या ओढाताणीत तुटतो. पीओपी भरणारेही बरेच भेटतील. ते झटपट घट्ट होतं म्हणून कारागिराला सोयीचं, पण टेपेशिवाय भरलेलं पीओपीही त्याच रेघेवर फुटतं. सांधा धरून ठेवते ती टेप, म्हणजे सांध्यावर लावायची कागदाची नाहीतर जाळीची पट्टी. कंपाउंडचं काम टेपेला चिकटवायचं आणि झाकायचं.

पुढच्या एका दुकानात, फॉल्स सीलिंगचंच सामान ठेवणाऱ्या, सगळं मिळालं. त्या मालकांना पूर्ण मार्क. बादली देण्याआधी त्यांनी आपणहून तारीख दाखवली, बादली उलटी करून खालून दाबून पाहिली, आणि विचारलं, "काम आता करणार की दिवाळीनंतर? आता करणार असाल तर पावडर पण न्या." श्रावण चालू होता. हा प्रश्न विचारणारा दुकानदार भेटला की तिथूनच पुढचं सामान घ्यावं. तक्रार एकच, मोठे पत्रे, म्हणजे माल ओढायची रुंद पाती, त्यांच्याकडेही नव्हते. चार इंची आणि सहा इंची, बस्स. दहा-बारा इंची पत्रा शेवटी ऑनलाइन मागवावा लागला, आणि तो नसेल तर शेवटचा हात नीट बसत नाही.

बादलीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण झाकणाबद्दल वाईट बोलणार आहे आणि ते झाकण बहुधा त्या एकाच बादलीचं वाकडं असेल. सगळ्या चांगल्या कंपन्यांच्या तयार कंपाउंडची जात एकच. गंमत म्हणजे जिप्सम बोर्डाला लावायच्या या मालात जिप्सम फारसं नसतंच. मुख्य भर चुनखडीच्या बारीक पुडीची, सोबत टाल्क किंवा अभ्रक, आणि हे सगळं धरून ठेवायला पाण्यात मिसळलेला डिंकासारखा बाइंडर. ते सुकतं म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं, दुसरं काही होत नाही. याचा फायदा असा की हाताला घाई नसते. अर्धा सांधा ओढून चहा घेऊन आलात तरी बादलीतला माल तसाच. चूक झाली तर ओल्या स्पंजानं पुसून पुन्हा लावा. घासायलाही मऊ. पहिल्यांदा करणाऱ्याला यापेक्षा सोशिक माल मिळायचा नाही.

तोटाही त्याच पाण्यात आहे. पाणी उडालं की थर आक्रसतो. खोल फट बादलीतल्या मालानं एका दमात भरली तर दुसऱ्या दिवशी मधे खळगा आणि खळग्यात कोरड्या तळ्यासारख्या भेगा. आणि सांगलीत ऑगस्टमध्ये पाणी उडणार कुठे? हवाच ओली. पाकिटावर चोवीस तास लिहिलेलं असतं, ते कुणा कोरड्या गावचे. माझ्याकडे कडा पांढऱ्या व्हायच्या आणि मधला पट्टा करडाच राहायचा. तो करडेपणा पूर्ण जाऊन सगळं एकसारखं पांढरं होईपर्यंत पुढचा हात द्यायचा नाही. घाई केली तर आतलं पाणी वरच्या थराखाली कोंडतं आणि रंग लागल्यावर सांधा बसतो. खिडक्या उघडून, पंखा छताकडे तोंड करून लावला की हवा खेळते. पंखा थेट सांध्यावर रोखला तर वरची साय आधी सुकते आणि तडकते.

म्हणून पावडर. ही खरी जिप्समची, माझ्या धंद्यातली. पाणी घातलं की उडून जाण्याची वाट बघत नाही, पाण्याशी रासायनिक जोड होऊन दगड होते, हाताला कोमट लागते. हवा ओली असो की सुकी, पिशवीवर लिहिलेल्या मिनिटांत ती घट्ट होणारच. आक्रसते अगदी कमी. मोठ्या फटी, स्क्रूची फाटलेली जागा, बोर्डाचा तुटका कोपरा, आणि टेपेचा पहिला थर, हे सगळं मी पावडरीनं केलं आणि त्याच दिवशी पुढे सरकता आलं.

इथे लॅबमधली काही गुपितं फुकट देतो. पाण्यात पावडर सोडायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर तळाशी कोरड्या गाठी राहतात. सोडल्यावर थोडं थांबायचं, पावडर पाणी पिऊ दे, मग ढवळायचं. लॅबमध्ये आम्ही पाणी मापून घेतो, १०० ग्रॅम प्लास्टरला साधारण ५० मिली, स्टोनला साधारण ३०, कारण पाणी जास्त झालं की दगड ठिसूळ होतो. जॉइंटच्या पावडरीचं प्रमाण पिशवीवर असतं, तेही तितक्याच गांभीर्यानं घ्या. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो जिवंत करता येत नाही. मऊ दिसतो, पण ताकद गेलेली असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट भांड्याची. मागच्या घाण्याचा वाळलेला चुरा भांड्यात राहिला असेल तर पुढचा घाणा भलताच लवकर घट्ट होतो, कारण जुन्या जिप्समच्या कणांभोवती नवे स्फटिक धरायला आयती जागा मिळते. लोक पावडरीला शिव्या देतात की "पिशवीवर ९० मिनिटं लिहिलंय आणि अर्ध्या तासात दगड झाला." पिशवी बरोबर असते, घमेलं बरोबर नसतं.

घमेल्याऐवजी मी लॅबचा रबरी बाऊल वापरला. प्लास्टर कालवायचा मोठा, लवचीक. काम संपलं की उरलेला माल त्यातच घट्ट होऊ द्यायचा, मग बाऊल दाबायचा, ढेकूळ सुटून बाहेर. धुवायलाही पाणी लागत नाही. दंतवैद्यकाचं सामान विकणाऱ्यांकडे हा मिळतो, आणि हार्डवेअरवाल्यांनी का ठेवू नये हे मला कळत नाही. ढेकळं सिंकमध्ये धुऊ नका, पाइपात जाऊन तीही तिथे दगड होतात.

टेपेचं. जाळीची टेप, फायबरग्लासची, स्वतःची चिकट, लावायला सोपी. दुकानदार सांगतात, पेपर टेप आता कोण वापरतंय? पण जाळी ताणली जाते, आणि तिच्यावर बादलीतलं कंपाउंड पहिला थर म्हणून टाकलं की सांधा कच्चा राहतो. जाळी लावायचीच असेल तर पहिला हात पावडरीचाच हवा. मी सपाट सांध्यांनाही कागदाचीच लावली. तिच्या मधोमध घडीची रेघ असते, म्हणून आतल्या कोपऱ्यात ती काटकोनात सरळ बसते. जाळी तिथे गोल होते आणि कोपरा बोथट दिसतो.

लावायची पद्धत सांगतो, कारण सगळी मेख इथे आहे. बोर्डाची लांब कड कारखान्यातूनच उतरती येते. अशा दोन कडा शेजारी आल्या की उथळ घळ तयार होते, टेप आणि कंपाउंड त्या घळीत बसून वरचा पृष्ठभाग सपाट राहतो. आधी सगळ्या स्क्रूंवरून पत्रा फिरवा. कुठे टिक् आवाज आला तर तो स्क्रू वर राहिलाय, पाव फेरा आत घ्या, पण बोर्डावरचा कागद फाटेपर्यंत नको. कागद फाटला की स्क्रूनं बोर्ड धरलेलाच नसतो. मग घळीत मालाचा दीड-दोन मिलिमीटरचा थर अंथरायचा, सगळीकडे, एकही कोरडी जागा न सोडता. त्यावर टेप, घडीची बाजू भिंतीकडे. पत्रा तिरका धरून मधून दोन्ही टोकांकडे ओढायचा, कडेनं माल थोडा बाहेर पिळून आला पाहिजे. फार दाबून सगळाच माल काढला तर टेपेखाली काही उरत नाही आणि वाळल्यावर तिथे फोड येतो. बोटाच्या नखानं टिचकी मारून बघा, पोकळ आवाज आला तर ब्लेडनं तेवढा तुकडा कापून टाका आणि पुन्हा भरा.

तासगावहून भाचा आला होता हात लावायला. टेप धरायला दुसरा माणूस लागतोच. त्याचं मत, "मामा, ही टेप आत दिसतेय." दिसते. पहिल्या हातानंतर दिसलीच पाहिजे. ती झाकायची घाई ज्यानं केली त्याच्या भिंतीवर उंचवटा येतो.

दुसरा आणि तिसरा हात बादलीचा. बादलीतला माल उघडल्यावर चक्क्याइतका घट्ट असतो. पहिल्या थराला तसा चालतो, पण वरच्या हातांसाठी थोडा वेगळा काढून त्यात चमच्या-चमच्यानं पाणी घालून सैल करा. दुसरा हात सहा-आठ इंच रुंद, तिसरा दहा-बारा, आणि प्रत्येक वेळी पत्र्याची बाहेरची कड बोर्डावर दाबून, आतली किंचित उचलून ओढायची, म्हणजे थर कडेला शून्यावर विरतो. नव्या पत्र्याचे कोपरे टोकदार असतात आणि प्रत्येक ओढीला एक रेघ सोडतात. मी लॅबच्या मायक्रोमोटरवर बर, म्हणजे घासायचं फिरतं टोक, लावून ते कोपरे केसभर गोल केले. तुम्ही कानशीनं करा. या एका गोष्टीनं घासकाम निम्मं वाचलं असं माझं मत आहे.

जिथे बोर्डाची कापलेली आडवी टोकं भेटतात तिथे उतार नसतो, टेप पृष्ठभागाच्या वरच बसते. तिथे उंचवटा येणारच, तो लपवायचा एकच मार्ग, थर दोन्ही बाजूंना फूट-फूटभर पसरवत नेणं. बारा इंची पत्रा इथेच लागतो. चौकट उभी करतानाच असे सांधे दारावर किंवा दिवा पडेल तिथे येणार नाहीत हे बघा. आमच्याकडे एक नेमका ट्यूबलाइटच्या बाजूला आला, तेवढी त्या पार्टीची आठवण कायम राहील.

झाकणाचं राहिलं. बादलीचं झाकण एका बाजूनं घट्ट बसेना, हवा जाऊन वर कडक साय धरली, आणि कडेचे वाळलेले कण मालात पडले की पत्र्याखाली ओढले जाऊन ओरखडे उठतात. उपाय सोपा, वरचा माल सपाट करायचा, थोडं पाणी शिंपडायचं, त्यावर प्लास्टिकचा कागद थेट चिकटवायचा, मग झाकण. कडा दर वेळी ओल्या फडक्यानं पुसायच्या. बादली दुकानातून घेतानाच झाकण सगळीकडून दाबून बघा. लहान डबाही मिळतो, पण किलोमागे तो महाग पडतो. एक खोली असेल तरी बादलीच घ्या, आणि उरलेला माल शेजाऱ्यांच्या खिळ्यांच्या भोकांना संपतो.

घासताना मास्क, तोही कापडी नव्हे, एन-९५. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, धुळीच्या धंद्यात असलेल्यांची फुप्फुसं मी पाहिली आहेत. पूर्वी अशा मालात ॲस्बेस्टॉस असायचं, अमेरिकेत १९७७ साली त्यावर बंदी आली. आता ते नसलं तरी टाल्क आणि चुनखडीची बारीक धूळ छातीत जावी अशी गोष्ट नाही. १५० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, हलक्या हातानं. बोर्डाच्या कागदाला लव फुटेपर्यंत घासू नका. मी बराचसा भाग ओल्या स्पंजानं उतरवला, त्यानं धूळच होत नाही. चकाचक होत नाही, पण बारावीच्या अभ्यासाच्या शेजारी धुळीचा ढग उडवण्यापेक्षा ते बरं. घासून झाल्यावर रात्री खोलीतले दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून धरा. जे उन्हात दिसत नाही ते सगळं दिसतं. बायकोला म्हटलं, बघ किती सपाट आलंय. तिनं टॉर्च हातातून घेऊन खाली धरला आणि तीन उंचवटे दाखवले.

रंगाआधी प्रायमर विसरू नका. बोर्डाचा कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळा पितात. प्रायमर नसेल तर सांधे कितीही सपाट असू देत, तिरप्या उजेडात पट्टे दिसतात.

जुन्या विटेच्या भिंतीला आणि स्लॅबला पार्टिशन जिथे टेकते, तिथे कितीही टेपा लावा, केसाएवढी चीर येतेच, कारण दोन्हींची हालचाल वेगळी. तिथे ॲक्रिलिक सीलंट भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.

तळमजल्यावाल्यांसाठी एक वेगळं. खाली बोर्ड फरशीपासून बोटभर वर ठेवा आणि फट स्कर्टिंगनं झाका, नाहीतर पुसायचं पाणी कागद वर ओढून घेतो. हिरव्या रंगाचा ओलावारोधक बोर्ड मिळतो, तो दमट हवेला आणि बाथरूमच्या शेजाराला पुरतो. पुराला तो काय करणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती. गावभागात किंवा हरभट रोडला खालच्या मजल्यावर ही पार्टिशन मी स्वतः करणार नाही, कुणी कितीही सांध्यांची हमी दिली तरी. भिजलेला जिप्सम बोर्ड वाळवून पुन्हा वापरता येत नाही, फुगून त्याचा लगदा होतो.

एकच वस्तू परवडत असेल आणि काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान असेल, तर बादली आणि पेपर टेप, एवढ्यात निभतं. पावसाळ्यात काम असेल तर पावडरीवाचून गत्यंतर नाही. माझ्या बादलीत अजून पाव माल शिल्लक आहे. खालच्या जोशीकाकूंनी कालच विचारलं, देवघराच्या कोपऱ्यातलं भोक बुजेल का म्हणून. बुजेल. पण ते कॅलेंडरच्या खिळ्याचं असेल तरच, घुशीचं असेल तर सिमेंटच घाला.